पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, बायबलच्या मराठी अनुवादक आणि केडगाव (जिल्हा पुणे) येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. रमाबाईंच्या गुरू आईच. तीर्थयात्रा व पुराणकथन यांवर जगणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले आणि आई, वडील व थोरली बहीण दगावली. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण १८८२ मध्येच वैधव्य आले. पदरी मुलगी मनोरमा होती. पतीचा मृत्यू हे पत्नीच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानणाऱ्या त्या काळात विधवा ही जन्मभराची अपराधी ठरे.

धर्मांतर

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. फुलहॅम येथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांसाठी क्षमेचे दार उघडे असू शकते, ही गोष्ट त्यांना सर्वस्वी नवी होती. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तथापि चर्चची प्रत्येक शिकवण त्यांनी निमूटपणे स्वीकारली नाही. आपल्या गुरुभगिनींशी त्यांचे वाद होत राहिले.

कृपेचा अनुभव

बाप्तिस्म्यानंतरही त्यांचे मन अस्वस्थच होते. ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना वाटू लागले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. आपल्यातील खऱ्या पालटापूर्वी कित्येक वर्षे हॅस्लम स्वतः पाद्री होते! तारण कर्माने वा विधींनी मिळत नाही, विश्वासाने मिळते. आणि ख्रिस्तात असणाऱ्यावर दंडाज्ञा उरत नाही, ही पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील शिकवण त्यांना आता स्वतःपुरती खरी वाटली. पुढे ‘माझी साक्ष’ मध्ये त्यांनी हा प्रवास सांगितला.

कार्य व वाद

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास हलवले. तेथे धर्मप्रसार करणार नाही, असे त्यांचे आश्वासन होते. पण त्यांच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासभंगाचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र मुलींना जबरदस्तीने बाटवल्याचा आरोप वेगळा आणि तो सिद्ध झाला नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. वाममार्गाला लागलेल्या म्हणून कोणीही दाराशी उभे न करणाऱ्या स्त्रियांसाठी तेथेच वेगळे घर होते. त्याचे नाव कृपा सदन.

अखेरची वर्षे

हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी छापलेला हा अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.