मंगळवेढ्याचा चोखोबा



त्र्यंबकेश्वर म्हटले की ब्रह्मगिरी, कुशावर्त आणि निवृत्तिनाथांची समाधी एवढेच बहुतेकांना आठवते. पौष वद्य एकादशीला आजही तेथे दिंड्या येतात. परंतु आपल्या चळवळीच्या इतिहासात त्र्यंबकचे नाव वेगळ्या कारणाने नोंदलेले आहे. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या थोडे आधी तेथे चोखामेळ्याचे मंदिर बांधावे, असा अस्पृश्य बांधवांचा विचार चालला होता. त्यासाठी सभा भरली. मंदिराने माथ्यावरचा अस्पृश्यतेचा कलंक पुसला जाणार नाही, तो पुसण्यासाठी झटणे हेच चोखोबाचे खरे स्मारक होय, असे बाबासाहेबांच्या सल्ल्याने ठरले आणि मंदिराचा बेत मागे पडला.

आता तुम्हीच सांगा, ज्याचे मंदिर आपल्या वाडवडिलांनी नको म्हटले तो माणूस कोण होता, हे आपल्यापैकी किती घरांतली मुले सांगू शकतील? मंदिर नाकारले म्हणजे माणूसही टाकून द्यायचा, असा काहींचा समज झालेला दिसतो. म्हणून हे चार शब्द.

चोखोबा चौदाव्या शतकातला. त्याचे जन्मगाव म्हणून परंपरा बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा सांगते. हयात मात्र गेली पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्यास. जात महार. तेव्हा गावकीची कामे पाठीशी लागलेलीच. मेलेली गुरे ओढायची, सांगावे पोहोचवायचे, वेशीवर राखण करायची, गावकूस ढासळले तर बोलावणे येताच बांधायला जायचे. मोबदला काय? बलुत्याचे धान्य आणि पंक्ती उठल्यावरचे उष्टे. चोखोबाच्या अभंगांत हे उष्टे पुन्हा पुन्हा येते. ज्याने ते खाल्ले नाही त्याला तो शब्द किती बोचतो हे समजणे कठीण.

हा माणूस संसार टाकून रानात गेला नाही. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका. हा बंका सोयराबाईचा सख्खा भाऊ. नामदेवांना चोखोबाने गुरू मानले आणि दिवसभर राबून रात्री विठ्ठलाचे नाव घेतले. त्याच्या नावावर आज ३५० च्या आसपास अभंग आहेत. घरातल्या बाकीच्यांनीही अभंग रचले. जेथे अक्षर शिकण्याची बंदी होती त्या वस्तीतले अख्खे घर बोलू लागले, हे मला त्या घराभोवती रचलेल्या सगळ्या चमत्कारांहून मोठे वाटते.

चमत्कारांचे म्हणाल तर ते पुष्कळ आहेत. महिपतीने १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या भक्तविजयात व इतरत्र ते सापडतात. सोयराबाईचे दिवस भरले असता चोखोबा घरी नव्हता. तेव्हा विठ्ठल निर्मळेचे रूप घेऊन बाळंतपणाला आला, अशी एक कथा. ही कथा भोळेपणाने ऐकू नका. त्यातला देव बाजूला काढा, मग काय उरते पाहा: गावकुसाबाहेरची झोपडी, घरात दाणा नाही, आणि वेणा देणारी एकटी बाई. दुसऱ्या कथेत देवाचा हार चोखोबाजवळ सापडतो आणि त्याला बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा होते. बैल जागचे हलले नाहीत, असे कथा सांगते. पण शिक्षा देणारे हात होते, आणि कोणाला दाद न देता ते तशी शिक्षा देऊ शकत होते, एवढे तर कथेनेच कबूल केले! पंढरपुरात राहू दिले नाही म्हणून चोखोबाने चंद्रभागेच्या पलीकडे दीपमाळ उभारली असेही सांगतात.

त्याचे सगळेच विचार आपल्याला पटण्याजोगे नाहीत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपला हीन जन्म मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ, असे तो काही ठिकाणी मानतो. ज्यांनी त्याला बाहेर ठेवले त्यांचेच हे शास्त्र होते. मात्र दुसऱ्या अभंगांत तो विटाळाचा मुळापासून हिशेब मागतो. सोयराबाई तर याहून पुढे जाते. प्रत्येक देहाची उत्पत्ती विटाळातूनच होते, मग सोवळा कोण उरला, असे ती विचारते. कर्ममेळ्याचे सूर आणखी कडू आहेत. उष्ट्यावर जगायला लावायचे होते तर आम्हाला जन्माला का घातलेस, असा जाब तो देवाला विचारतो. बाप विनवणी करीत होता, मुलगा भांडू लागला. एका पिढीत एवढे अंतर पडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चोखोबाचा मृत्यूही कामावरच झाला. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते, त्यासाठी वेठीला माणसे धरली होती. भिंत कोसळली आणि तिच्याखाली कित्येक मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होता. बाकीच्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. नामदेवांनी चोखोबाच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. दाराबाहेरच. ते दार अस्पृश्यांना उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधे सहाशेहून अधिक वर्षे गेली. तोवर १९३५ ची येवल्याची घोषणा होऊन बारा वर्षे झाली होती आणि आपल्या माणसांनी त्या दाराची वाट पाहणे सोडून दिले होते.

१९४८ साली बाबासाहेबांचा अस्पृश्यांच्या उत्पत्तीचा शोध घेणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. एक तमिळ देशीचा नंदनार, दुसरा काशीचा रविदास, आणि तिसरा मंगळवेढ्याचा चोखामेळा.