ॲलेक इसिगोनिस

सर अलेक्झांडर आर्नोल्ड कॉन्स्टंटाइन इसिगोनिस (१८ नोव्हेंबर १९०६, स्मर्ना – २ ऑक्टोबर १९८८, बर्मिंगहॅम) हे ब्रिटिश वाहन अभियंते होते. मॉरिस मायनर आणि मिनी या विसाव्या शतकातील दोन गाजलेल्या छोट्या मोटारींचे ते जनक मानले जातात. वेगवान मोटारीकडून अपेक्षिले जाणारे रस्त्यावरील स्थैर्य व अचूक सुकाणू हे गुण रोजच्या वापराच्या स्वस्त मोटारीतही असलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. आसनांचा मऊपणा, रेडिओ व शोभेची सजावट यांना मात्र ते अनावश्यक मानीत.

बालपण व शिक्षण

स्मर्ना (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) हे त्या काळी उस्मानी साम्राज्यातील गजबजलेले बंदर होते. इसिगोनिस यांचे वडील कॉन्स्टंटाइन हे ग्रीक वंशाचे, परंतु ब्रिटिश नागरिकत्व असलेले अभियंते होते. जहाजांच्या यंत्रसामग्रीचा त्यांचा कारखाना होता. आई हुल्डा जर्मन वंशाच्या. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील युद्धाच्या अखेरीस, १९२२ मध्ये, स्मर्ना शहर आगीत भस्मसात झाले. ब्रिटिश नागरिक म्हणून या कुटुंबाला ब्रिटिश जहाजातून माल्टा बेटावर हलविण्यात आले. घरदार, कारखाना सारे मागे राहिले. थोड्याच काळात वडिलांचा मृत्यू झाला आणि १९२३ मध्ये मायलेक इंग्लंडला आले.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. आरेखनात त्यांना उत्तम गती होती, पण गणिताच्या परीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले. शुद्ध गणित सर्जनशील माणसाच्या वाटेत आडवे येते, असे मत त्यांनी पुढे जन्मभर बाळगले. कल्पना सुचली की हाताशी असेल त्या कागदावर मुक्तहस्त चित्र काढायचे आणि हिशेब सहकाऱ्यांवर सोपवायचा, ही त्यांची पद्धत. ही चित्रे आजही अभ्यासकांना थक्क करतात.

शर्यतीची मोटार

हंबर कंपनीत काही काळ काम केल्यावर १९३६ मध्ये ते ऑक्सफर्डजवळील काऊली येथे मॉरिस मोटर्समध्ये दाखल झाले. या काळात ते स्वतः हौशी शर्यतपटू होते. सुधारणा केलेली ऑस्टिन सेव्हन घेऊन ते स्पर्धांत उतरत. मित्र जॉर्ज डाऊसन यांच्यासह त्यांनी फावल्या वेळात, बहुतेक काम हातांनी करून, ‘लाइटवेट स्पेशल’ ही एक आसनी मोटार बांधली. वेगळी चौकट न ठेवता प्लायवूड व ॲल्युमिनियम यांच्या पत्र्यांनीच तिच्या सांगाड्याला बळकटी दिली होती आणि धक्के शोषण्यासाठी रबराचा वापर केला होता. वजन कमी करणे आणि चाकांनी रस्ता घट्ट धरून ठेवणे, या दोन गोष्टी त्यांनी येथे स्वतःच्या हातांनी पारखून घेतल्या. पुढच्या साऱ्या कामाचे मूळ या छोट्या मोटारीत शोधता येते.

मॉरिस मायनर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच त्यांनी एका लहान मोटारीचा आराखडा सुरू केला होता. तिची चाके लहान व चार कोपऱ्यांकडे सरकविलेली होती, इंजिन बरेच पुढे होते, आणि सुकाणूसाठी दंतपट्टीची रचना होती. उत्पादनाच्या तोंडावर त्यांना ती अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुना मधोमध कापायला लावला, दोन्ही भाग वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून पाहिले आणि अखेर रुंदी ४ इंचांनी वाढविली. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर आधीच तयार झाले असल्याने ते मध्ये कापून पट्टी जोडावी लागली. मायनरच्या बॉनेटवरून जाणारा सपाट पट्टा हीही त्याच कापाकापीची खूण होय. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ही मोटार मुळीच आवडली नव्हती.

१९४८ मध्ये मायनर बाजारात आली. इंजिन जुने व दुबळे होते, तरी वळणावर ती महागड्या मोटारींइतकी निर्धास्त चालत असे. परिचारिका, शिक्षक, पाद्री अशा बेताच्या मिळकतीच्या माणसांना अशी मोटार प्रथमच मिळत होती. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ही पहिली ब्रिटिश मोटार ठरली.

मिनी

१९५२ मध्ये मॉरिस व ऑस्टिन यांचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) स्थापन झाल्यावर इसिगोनिस अल्विस कंपनीत गेले. तेथील त्यांची मोठी मोटार खर्चाअभावी रद्द झाली. लिओनार्ड लॉर्ड यांनी त्यांना बीएमसीत परत बोलावले. १९५६ च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले, रस्त्यांवर तीन चाकांच्या बुडबुड्यासारख्या गाड्या दिसू लागल्या, आणि लॉर्ड यांनी खरीखुरी छोटी मोटार तातडीने तयार करण्यास सांगितले. कंपनीकडे असलेलेच इंजिन वापरायचे, एवढी एक अट होती.

इसिगोनिस यांनी हे इंजिन आडवे बसविले, गिअरपेटी त्याच्या खालच्या तेलपात्रात घातली आणि पुढची चाके चालविली. ॲलेक्स मोल्टन यांनी रबराच्या शंकूंचे सस्पेन्शन दिले. डनलॉपने अवघ्या १० इंची चाकांसाठी टायर बनविले. सुमारे १० फूट लांबीच्या मोटारीत चार प्रौढ माणसे सामानासह बसू लागली. चाचणीच्या नमुन्यांत ९४८ घनसेंमीचे इंजिन होते व ते ताशी १४५ किमीच्या आसपास धावत. सामान्य चालकासाठी हा वेग फार म्हणून ते ८४८ घनसेंमीपर्यंत कमी करण्यात आले. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनीचे अनावरण झाले. सर्वांत स्वस्त प्रकाराची किंमत पाचशे पौंडांच्या आत होती.

पहिल्या गाड्यांत पावसाचे पाणी आत शिरून पायाखालचे गालिचे भिजत. विक्रीही प्रारंभी मंद होती. फोर्डच्या अभियंत्यांनी एक मिनी सुटी करून प्रत्येक गाडीमागे बीएमसीला तोटा होत असावा, असा अंदाज काढला. कंपनीची किंमत ठरविण्याची पद्धत ढिसाळ होती, हे पुढील इतिहास पाहता नाकारता येत नाही.

मिनी कूपर

फॉर्म्युला वन शर्यतींतील मोटारींचे निर्माते जॉन कूपर हे इसिगोनिस यांचे स्नेही. मिनी चालवून पाहताच तिच्या वळणावरील पकडीने ते प्रभावित झाले व अधिक शक्तीची मिनी काढावी, असे त्यांनी सुचविले. इसिगोनिस राजी नव्हते. ही सर्वसामान्य माणसाची मोटार आहे, तिला शर्यतीत ओढू नये, अशी त्यांची भूमिका होती. स्वतः शर्यती केलेल्या माणसाने असा नकार द्यावा हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण त्यांच्या लेखी रस्त्यावरील पकड ही पराक्रमाची नव्हे, तर सुरक्षिततेची गोष्ट होती. अचानक वळावे लागले तर मोटारीने चालकाची साथ सोडता कामा नये, इतकेच त्यांना साधायचे होते. कूपर यांनी मग थेट कंपनीप्रमुख जॉर्ज हॅरिमन यांना गाठले. प्रायोगिक म्हणून एक हजार गाड्यांना मंजुरी मिळाली आणि १९६१ मध्ये ९९७ घनसेंमी इंजिनाची व पुढे डिस्क ब्रेक असलेली मिनी कूपर आली.

१९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी मिनी कूपर एसमधून माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६५ व १९६७ मध्येही मिनीच विजयी ठरली. १९६६ मध्ये पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या मिनी दिव्यांच्या नियमावरून बाद ठरविण्यात आल्या. रस्त्यासाठी केलेली रचना बर्फाळ घाटांतही टिकली, याचे श्रेय इसिगोनिस यांच्या मूळ मांडणीला जाते. तिच्यातील शक्यता ओळखली ती मात्र कूपर यांनी.

मते व मर्यादा

फार आरामशीर आसनावर चालक गाफील होतो, असे ते मानीत. ग्राहकांची पाहणी करून मोटार घडविण्यास त्यांचा विरोध होता. मिनीत ही करडी शिस्त खपून गेली, कारण मोटार लहान व स्वस्त होती. १९६२ ची ११०० ब्रिटनमध्ये अनेक वर्षे आघाडीवर राहिली. १९६४ च्या १८०० ला युरोपातील ‘वर्षाची मोटार’ हा बहुमान मिळाला, तरी जड सुकाणू व रुक्ष अंतर्भाग यांमुळे विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. मोठ्या मोटारीचा ग्राहक थोडी सुखसोय मागतो, ही साधी गोष्ट त्यांनी मान्य केली नाही. १९६९ च्या मॅक्सीवर अवघड गिअरबदलाबद्दल टीका झाली.

१९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड स्थापन झाल्यावर त्यांचे महत्त्व घटले. मिनीची जागा घेण्यासाठी त्यांनी आखलेली ‘९एक्स’ उत्पादनात आलीच नाही. १९६७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९६९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९७१ मध्ये ते निवृत्त झाले. ते अविवाहित होते व आईच्या मृत्यूपर्यंत तिच्यासोबत राहिले.

भारताशी संबंध

हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस मायनर भारतात ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने आणली, तर मायनरचीच थोरली बहीण म्हणावी अशी १९४८ ची मॉरिस ऑक्सफर्ड ‘हिंदुस्तान १४’ म्हणून विकली गेली. मूळ मिनीचे उत्पादन भारतात झाले नाही. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये मात्र आडवे इंजिन व पुढच्या चाकांना शक्ती ही मांडणी होती. तिची गिअरपेटी इंजिनाच्या खाली नसून बाजूला होती. ही सुधारणा इटलीतील दान्ते जिआकोसा यांची असून, आजच्या बहुतेक छोट्या मोटारी याच पद्धतीने बांधल्या जातात.