‘घरघर’ टाळणारा डॉक्टर

अंबाडी नाक्यावरचा दवाखाना असो की मुंबईचे मोठे रुग्णालय, दम लागलेल्या रुग्णाची छाती तपासून डॉक्टर ‘व्हीझ’ किंवा ‘ऱ्हाँकाय’ असे शब्द वापरतात. आपण त्याला छाती वाजणे म्हणतो. ‘व्हीझ’ हा इंग्रजीतला जुना शब्द. फुत्कारणे या अर्थाच्या जुन्या नॉर्स क्रियापदापासून तो आला असावा, असे मानतात. ‘ऱ्हाँकाय’ मात्र वैद्यकात आला तो रुग्ण घाबरू नये म्हणून. त्याचे श्रेय फ्रेंच डॉक्टर रेने लेनेक यांचे.

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी ब्रिटनी प्रांतातील केंपेर येथे झाला. आई लहानपणीच गेली. नाँत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना वाढवले आणि वैद्यकाची गोडी लावली. १८०१ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी पॅरिसला आले.

त्या काळी छातीतला आवाज ऐकायचा तर डॉक्टरला थेट कान लावावा लागे. १८१६ मध्ये हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी त्यांच्याकडे आली. तिच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना. लेनेक यांनी कागदाची घट्ट सुरळी करून तिचे एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी सुमारे एक फूट लांबीची लाकडी नळी बनवली. तोच पहिला स्टेथोस्कोप.

नेकेर रुग्णालयात त्यांनी असंख्य छाती ऐकल्या. रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुस पाहून ऐकलेल्या आवाजाशी ताडून पाहिले. एक आवाज तव्यावर तडतडणाऱ्या मिठासारखा, एक शिटीसारखा, एक घुमणाऱ्या पारव्यासारखा, अशी त्यांनी वर्गवारी केली. १८१९ मध्ये हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

या आवाजांना त्यांनी ‘राल’ हा फ्रेंच शब्द दिला. अडचण अशी की मराठीतल्या ‘घरघर’ प्रमाणेच तो शब्द मरणाऱ्या माणसाच्या शेवटच्या श्वासासाठीही वापरत. खाटेशेजारी डॉक्टरांच्या तोंडून तो ऐकला की आपली घटका भरली, असेच रुग्णाला वाटणार. म्हणून रुग्णासमोर बोलताना लेनेक ‘ऱ्हाँकस’ हा लॅटिन शब्द वापरू लागले. त्याचे मूळ घोरणे या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. त्याचेच अनेकवचन ‘ऱ्हाँकाय’.

१८२६ मध्ये लेनेक स्वतः खंगत गेले. डॉक्टर असलेल्या एका नातेवाइकाने त्यांच्याच नळीने त्यांची छाती तपासली. निदान होते क्षयाचे. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे ब्रिटनीत निधन झाले.

आज ‘व्हीझ’ म्हणजे अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून हवा जाताना होणारा शिटीसारखा आवाज, तर ‘ऱ्हाँकाय’ म्हणजे घोरण्यासारखा जाड आवाज. दोन्ही लक्षणे आहेत, आजाराची नावे नव्हेत. दमा, ब्राँकायटिस अशी त्यांची कारणे अनेक असतात आणि बहुतेकांवर उपचार आहेत. मात्र दम्याच्या जोरदार झटक्यात धाप कायम असताना छातीचा आवाज अचानक थांबला, तर तो आराम समजू नये. हवा आत जाणेच कमी झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.