किल्ल्यांची यादी

काही वर्षांपूर्वी मी ज्या सरकारी रुग्णालयात होतो, तिथली ही गोष्ट. एका तरुण बाईंची एचआयव्ही तपासणी पॉझिटिव्ह आली. त्यांना बाजूला बसवून सगळे नीट समजावले, औषधे सुरू केली. घरी कधी आणि कसे सांगायचे, हे त्या स्वतः ठरवणार होत्या. आठवडाभरात त्या रडत परत आल्या. बातमी त्यांच्या आधीच गावात पोहोचली होती.

केसपेपर कपाटात कुलूपबंद होता. पण रिपोर्टची नोंद संगणकावरच्या एका सामायिक फोल्डरमध्येही होत असे. ते फोल्डर कोण कोण उघडू शकते, असे मी विचारले, तर कोणालाच सांगता येईना. शेवटी संगणक विभागातल्या मुलाने सर्व्हरवरून परवानग्यांची यादी काढली आणि एक्सेलच्या तक्त्यात आणून दिली. एका रकान्यात फोल्डर, दुसऱ्यात व्यक्तीचे किंवा गटाचे नाव, तिसऱ्यात त्यांना काय करता येते ते. त्यात बदली होऊन गेलेल्यांची नावे होती, इंटर्नशिप संपवून गेलेल्या मुलांची होती. एका ओळीत तर नावच नव्हते, नुसते ‘सर्व’ असे लिहिले होते. बातमी कोणी फोडली ते कळले नाही. इतक्या जणांना दार उघडे असल्यावर ते कळणार तरी कसे?

कोणत्या फाईलला कोणी हात लावावा, हे संगणकाने लक्षात कसे ठेवायचे? या प्रश्नाला ज्यांनी अगदी साधे आणि टिकाऊ उत्तर दिले, त्यांत डेनिस रिची यांचे नाव फार वरचे आहे. संगणक शिकलेल्यांना ते सी या भाषेचे जनक म्हणून ठाऊक असतात. आज त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी सांगायचे आहे.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल इथे झाला. वडील ॲलिस्टर रिची हे बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. बालपण न्यू जर्सीत गेले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे उपयोजित गणितात संशोधन केले. प्रबंध लिहून झाला, पण त्याची बांधीव प्रत विद्यापीठात जमा करायची त्यांनी राहू दिली. त्यामुळे पीएचडी कधी मिळालीच नाही. त्याचे त्यांना फारसे काही वाटले असेल, असे दिसत नाही.

१९६७ साली तेही बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. तेव्हा संगणक खोलीभर मोठा असे आणि एकाच यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करू लागले होते. त्यातूनच आपल्या विषयाचा प्रश्न उभा राहिला. दहा माणसे एका कपाटात कागद ठेवणार असतील, तर कोणी कोणाचा कागद वाचायचा? एमआयटीमध्ये त्याआधी एक मासलेवाईक प्रसंग घडला होता. दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि त्या दिवशी संगणकावर येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादीच दिसली.

बेल लॅब्ज, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून तेव्हा मल्टिक्स नावाची भव्य प्रणाली बांधत होते. तिच्यात प्रत्येक फाईलसोबत नावांची यादी ठेवता येई आणि कोणाला काय करता येईल ते त्यात लिहिलेले असे. पण काम लांबत गेले, खर्च वाढला, आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. केन थॉम्प्सन आणि रिची यांच्यासारखे तरुण संशोधक रिकामे झाले. थॉम्प्सन यांनी एका जुन्या, लहानशा यंत्रावर एक छोटी प्रणाली लिहायला घेतली आणि रिची त्यांना येऊन मिळाले. तीच पुढे युनिक्स झाली.

नवे यंत्र मिळवायचे तर व्यवस्थापनाला काहीतरी उपयोग दाखवायला हवा होता. पेटंट विभागासाठी मजकूर तयार करण्याची सोय करून देऊ, असे त्यांनी सांगितले. म्हणजे युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या वापरकर्त्यांत टंकलेखनाचे काम करणारे साधे कर्मचारी होते. त्या यंत्राची स्मृती होती अवघी २४ किलोबाइट. आजच्या मोबाईलमधल्या एका फोटोलाही ती पुरणार नाही. नावांच्या लांबलचक याद्या ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे काटकसरीचा मार्ग काढावा लागला.

तो असा. प्रत्येक फाईलला एक मालक असतो. बाकीची माणसे म्हणजे ‘इतर’. पुढे ‘गट’ हा तिसरा भाग आला. या तिघांपैकी प्रत्येकासाठी तीनच प्रश्न: वाचता येईल का, लिहिता येईल का, चालवता येईल का? तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ प्रश्न, आणि प्रत्येकाचे उत्तर हो किंवा नाही. एवढीच नोंद फाईलजवळ ठेवायची. आमच्या भाषेत सांगायचे, तर केसपेपरवर लिहिण्याचा हक्क उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, वाचण्याचा वॉर्डातल्या सिस्टरांचा, आणि बाहेरच्यांना काहीच नाही.

या नोंदी लपवलेल्या नव्हत्या, हे मला महत्त्वाचे वाटते. फायलींची यादी दाखवणारी एलएस नावाची छोटी आज्ञा पहिल्यापासून होती. तिचे सविस्तर रूप मागितले, की प्रत्येक फाईलसमोर तिचा मालक आणि परवानग्या ओळीने दिसत. कुलूप लावण्याची सोय आणि कोणाकडे किल्ली आहे ते पाहण्याची सोय, दोन्ही बरोबरच आल्या.

एक अडचण मात्र होती. सगळ्यांचे पासवर्ड ज्या फाईलमध्ये असतात, ती सर्वांना लिहायला मोकळी ठेवता येत नाही. पण प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड तर बदलता आला पाहिजे. रिची यांनी यावर जी युक्ती काढली, ती रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीसारखी आहे. रुग्णाला स्टोअरमध्ये शिरता येत नाही. तो खिडकीत चिठ्ठी देतो, आत जाण्याचा हक्क असलेला माणूस चिठ्ठीवरचे तेवढेच औषध काढून देतो. तसा एखादा प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर प्रोग्रॅमच्या मालकाच्या हक्काने चालू द्यायचा आणि त्याने नेमून दिलेले एकच काम करायचे. या कल्पनेचे पेटंट १९७९ मध्ये रिची यांच्या नावे मंजूर झाले. पुढे कंपनीने ते सर्वांसाठी खुले केले.

त्याच काळात, १९७२ च्या सुमारास, त्यांनी सी भाषा घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला, म्हणून ती प्रणाली कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर नेणे शक्य झाले. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्यासोबत त्यांनी सी भाषेवर जे पुस्तक लिहिले, ते आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले.

डॉक्टर म्हणून मला त्यांचा मोठेपणा आणखी एका गोष्टीत दिसतो. युनिक्सच्या सुरक्षिततेवर त्यांनी एक छोटा लेख लिहिला. त्यात आपल्या प्रणालीची तारीफ नाही, तिच्या दुखण्यांची यादी आहे. ही प्रणाली सुरक्षितता डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली नव्हती, हे ते सुरुवातीलाच मान्य करतात. परवानग्या ढिल्या ठेवल्या तर काय होते, खिडकीवरचा प्रोग्रॅम निष्काळजीपणे लिहिला तर काय होते, आणि सगळे नियम ज्याला माफ आहेत असा एक सर्वाधिकारी वापरकर्ता असणे हे मुळातच कसे वैगुण्य आहे, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. आपणच केलेल्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत आपणच सभेत मांडणारा सर्जन विरळा असतो.

मानसन्मान खूप आले. १९८३ मध्ये थॉम्प्सन यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार, नंतर अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक, २०११ मध्ये जपान पुरस्कार. तरी रिची मितभाषी आणि संकोचीच राहिले. सहकारी त्यांना संगणकावरच्या नावाने, डीएमआर या तीन अक्षरांनी ओळखत. आयुष्यभर एकाच संस्थेत काम करून २००७ मध्ये ते निवृत्त झाले. अखेरच्या काळात प्रोस्टेटचा कर्करोग आणि हृदयविकार यांवरच्या उपचारांनी ते थकले होते. एकटेच राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्स इथल्या घरी ते मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षे. त्याच्या आठवडाभर आधी स्टीव्ह जॉब्स गेले होते आणि सारे जग हळहळले होते. रिची यांच्या जाण्याची बातमी त्या मानाने फारच थोड्यांपर्यंत पोहोचली. जॉब्स यांच्या आयफोनच्या आतली प्रणालीही युनिक्सच्याच घराण्यातली, आणि अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच नऊ प्रश्न आजही विचारले जातात.

आता पुन्हा आमच्या यादीकडे. आपल्या बहुतेक कार्यालयांत विंडोजचे सर्व्हर असतात आणि तिथे नऊ प्रश्नांऐवजी मल्टिक्सप्रमाणे नावांच्या याद्या असतात. त्या लांब होत जातात, कारण किल्ली देताना अर्ज येतो, पण परत घ्यायला कोणी आठवण करत नाही. म्हणून ठरावीक काळाने सगळ्या फोल्डरांच्या परवानग्यांचा अहवाल तक्त्याच्या रूपात बाहेर काढावा आणि तो संगणक विभागाबरोबर त्या त्या विभागप्रमुखानेही वाचावा. कोण बदलून गेले, हे सर्व्हरला कळत नाही. ते मेट्रनना आणि रेकॉर्ड रूमच्या लिपिकांना ठाऊक असते.

वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. ‘सर्व’ असे कुठे लिहिले आहे का. सोडून गेलेल्यांची नावे आहेत का. खाते पुसलेले असेल तर नावाऐवजी लांबलचक आकडा दिसतो, ती ओळही काढायची. गटाला सोडून एकट्या व्यक्तीला परस्पर हक्क दिला आहे का. आणि पूर्ण ताबा किती जणांकडे आहे. युनिक्सच्या घराण्यातल्या सर्व्हरवर एक खोच लक्षात ठेवावी: फोल्डरवर लिहिण्याचा हक्क असेल, तर आतली फाईल वाचता आली नाही तरी ती पुसून टाकता येते. केसपेपर पाकिटात बंद, पण कपाट उघडे, असा तो प्रकार.

आणखी एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. काढलेला तो तक्ता आम्ही त्याच सामायिक फोल्डरमध्ये ठेवला! कोणते दार कोणाला उघडे आहे, याचा नकाशाच तो. चोराला त्याहून जास्त काय हवे? तो दोन-तीन जबाबदार माणसांपुरताच ठेवायचा आणि दुरुस्त्या झाल्यावर नवा काढून जुन्याशी ताडून पाहायचा.

एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक केले आहे. पण कायदा कागदावर असतो आणि फोल्डर सर्व्हरवर. त्या बाईंनी नंतर आपले उपचार दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात हलवले. दर महिन्याला एसटीने चार तासांचा प्रवास, फक्त आमच्याकडे यायला नको म्हणून. आमच्या विभागात तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ती यादी निघू लागली, आणि मीही ती ओळ न ओळ वाचू लागलो. तुमच्या दवाखान्यात, शाळेत किंवा पतपेढीत ती शेवटची कधी निघाली होती, हे एकदा विचारून पाहा.