न्यायमूर्ती आणि मँचेस्टरचं कापड

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटलं की आपल्याला समाजसुधारक आठवतात. पण अर्थशास्त्रातही हा बाप माणूस होता!

१८४२ साली निफाडला जन्म, मुंबईत शिक्षण, १८७१ पासून पुण्यात न्यायाधीश. १८८२ साली सरकारने परदेशी कापडावरचा आयात कर काढून टाकला. नाव खुल्या व्यापाराचं, फायदा मँचेस्टरच्या गिरण्यांचा. रानडे पडले सरकारी नोकर. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी सरळ मांडलं, की इंग्लंडला लागू पडणारे नियम प्रत्येक देशाला लागू पडतीलच असं नाही. नुसता कच्चा माल विकून देश वर येत नाही. नव्या उद्योगांना सरकारने हात द्यायलाच हवा.

सरकारने काय केलं? १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के कर ठेवला आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच बसवला! रानडे १९०१ साली गेले. देशी कापडावरचा तो कर रद्द व्हायला मात्र १९२६ उजाडावं लागलं.

मशीन आपण शिकतोच. ते आपल्या देशात चालेल की बंद पडेल हे कधीकधी एका करावर ठरतं, हे रानड्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.