विश्लेषण : ‘व्होग’चा फॅशन छायाचित्रकार ते हॉलिवूडचा दिग्दर्शक… गॉर्डन पार्क्स यांचा कॅमेरा कोणासाठी होता?

‘व्होग’ मासिकासाठी महागडे पोशाख टिपणारे गॉर्डन पार्क्स रिओच्या झोपडपट्टीतही तेवढ्याच आस्थेने शिरले. पुढे हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओसाठी चित्रपट दिग्दर्शित करणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. मात्र छायाचित्रामुळे गरिबाचे आयुष्य खरोखर बदलते का, हा प्रश्नही त्यांच्याच कामातून उभा राहिला.

पार्क्स यांचे बालपण कसे होते?

३० नोव्हेंबर १९१२ रोजी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट येथे त्यांचा जन्म झाला. १५ भावंडांत ते सर्वांत धाकटे. प्राथमिक शाळाही कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी. किशोरवयात आई गेली आणि त्यांना मिनेसोटातील सेंट पॉल येथे बहिणीकडे पाठवण्यात आले. तिथे मेहुण्याने घराबाहेर काढले. थंडीच्या रात्री त्यांनी ट्राममध्ये बसून काढल्या. पियानो वाजवणे, हॉटेलात उष्टी भांडी उचलणे, रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटरचे काम असे करत ते जगले. शिक्षण अर्धवटच राहिले.

कॅमेरा हाती कसा आला?

रेल्वेत नोकरी करताना एका मासिकात त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांची छायाचित्रे पाहिली. गरिबी आणि वर्णभेदाशी लढण्याचे साधन आपल्याला सापडले, असे त्यांना वाटले. सिअ‍ॅटलमधील गहाणवटीच्या दुकानातून त्यांनी जुना कॅमेरा घेतला. सेंट पॉलमधील स्त्रियांच्या कपड्यांच्या एका दुकानासाठी त्यांनी फॅशन छायाचित्रे काढली. विख्यात मुष्टियोद्धा जो लुईस यांच्या पत्नी मार्वा यांना ती आवडली आणि त्यांनी पार्क्स यांना शिकागोला येण्याचा आग्रह केला.

झाडूवालीचे छायाचित्र का गाजले?

शिष्यवृत्ती मिळवून पार्क्स १९४२ मध्ये वॉशिंग्टनमधील ‘फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या सरकारी विभागात दाखल झाले. देशाच्या राजधानीतच वर्णामुळे दुकान, उपाहारगृह आणि चित्रपटगृहात त्यांना अपमान सोसावा लागला. त्याच कार्यालयाची इमारत झाडणाऱ्या एला वॉटसन यांना त्यांनी अमेरिकी राष्ट्रध्वजासमोर उभे केले. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप. ‘अमेरिकन गॉथिक’ या नावाने ओळखले जाणारे हे छायाचित्र वर्णभेदावरचे मोठे भाष्य मानले जाते. एकाच छायाचित्रावर न थांबता वॉटसन यांचे घर, नातवंडे आणि चर्चही त्यांनी टिपले.

मग फॅशनकडे का वळले?

पोट भरण्यासाठी, आणि आवड म्हणूनही. एका बड्या फॅशन मासिकाने वर्णामुळे दार बंद केल्यावर १९४४ च्या सुमारास ‘व्होग’ने त्यांना काम दिले. मॉडेलला पुतळ्यासारखे उभे न करता चालता-फिरताना टिपणे, ही त्यांची शैली. १९४८ मध्ये हार्लेममधील टोळीयुद्धावरील छायाचित्रमालिकेनंतर ते ‘लाइफ’ मासिकाचे पहिले कृष्णवर्णीय कर्मचारी छायाचित्रकार झाले. पॅरिसची फॅशन आणि अलाबामातील वर्णभेद हे दोन्ही विषय त्यांनी याच मासिकासाठी हाताळले.

छायाचित्रांनी कोणाचे भले झाले?

१९६१ मध्ये रिओ द जानेरोच्या झोपडपट्टीतील फ्लाव्हिओ या दम्याने जर्जर झालेल्या १२ वर्षांच्या मुलाची कहाणी ‘लाइफ’मध्ये आली. वाचकांनी सुमारे ३० हजार डॉलर पाठवले. त्याच्यावर अमेरिकेतील डेन्व्हर येथे उपचार झाले, कुटुंबाला नवे घर मिळाले. मुलगा वाचला, पण दोन वर्षांनी मनाविरुद्ध ब्राझीलला परतला आणि पुढेही कष्टाचेच आयुष्य जगला. ब्राझीलमधील एका मासिकाने तर आपला छायाचित्रकार न्यूयॉर्कला पाठवून तिथली गरिबी छापली.

१९६८ मध्ये हार्लेममधील एका गरीब कुटुंबावरील छायाचित्रमालिकेनंतर त्या कुटुंबालाही मदतीतून घर मिळाले. काही महिन्यांतच त्या घराला आग लागली आणि वडील व एक मुलगा दगावले. अशा कुटुंबांच्या आयुष्यात शिरण्याचा आपल्याला किती अधिकार, या विचाराने पार्क्स यांची पाठ सोडली नाही. त्यांनी त्यांच्याशी संबंध मात्र तोडला नाही. फ्लाव्हिओला ते पुढे पुन्हा भेटले आणि १९७८ मध्ये त्याच्यावर पुस्तकही लिहिले.

दिग्दर्शक म्हणून काय केले?

आपल्याच कादंबरीवरचा ‘द लर्निंग ट्री’ (१९६९) त्यांनी गावी, फोर्ट स्कॉटमध्येच चित्रित केला. पटकथा, निर्मिती, दिग्दर्शन आणि संगीत ही सर्व जबाबदारी त्यांचीच होती. १९७१ चा ‘शाफ्ट’ तुफान चालला. रुबाबदार, कोणापुढेही न झुकणारा कृष्णवर्णीय गुप्तहेर नायक म्हणून पडद्यावर आला. १९८४ मध्ये त्यांनी सॉलोमन नॉर्थप यांच्या गुलामगिरीच्या कहाणीवर दूरचित्रवाणीपट केला. त्याच कहाणीवरील ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ २०१३ मध्ये आला.

आज त्यांचे महत्त्व काय?

१९८९ मध्ये अमेरिकेने जतनासाठी निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत ‘द लर्निंग ट्री’ होता. ७ मार्च २००६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये पार्क्स यांचे निधन झाले. ज्या गावाने त्यांना वेगळ्या शाळेत बसवले, त्याच फोर्ट स्कॉटमध्ये त्यांचे दफन झाले. आज दु:खाचे छायाचित्र मोबाइलवर क्षणात हजारोंपर्यंत पोहोचते. छायाचित्र काढल्यानंतरही त्या माणसाची विचारपूस करत राहणे, हा पार्क्स यांनी घालून दिलेला धडा मात्र अवघडच आहे.