दामलेमामांचा मायक्रोफोन

विष्णुपंत दामले म्हटले की ‘संत तुकाराम’ आठवतो, पागनीस आठवतात आणि त्याहून अधिक गौरीची जिजाई आठवते. पण दामलेमामा या नावाने ओळखला जाणारा हा माणूस ‘प्रभात’चा ध्वनिमुद्रकही होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

जन्म १८९२ चा, पेणचा. तरुणपणी कोल्हापुरास आनंदराव व बाबूराव पेंटरांच्या हाताखाली ते चित्रकला शिकले. तेथेच फत्तेलालांशी जमलेली जोडी अखेरपर्यंत टिकली. १९२८ मध्ये दोघांनी ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला आणि १ जून १९२९ रोजी शांताराम, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ काढली.

मूकपटांचे दिवस तेवढ्यात संपले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’साठी यंत्र आले, पण ध्वनिमुद्रण शिकवणारी शाळा देशात नव्हती. चाळिशीला टेकलेल्या या चित्रकाराने ते काम अंगावर घेतले.

ते किती अवघड होते याची आज कल्पना येत नाही. पार्श्वगायन रुळलेले नव्हते. नट कॅमेऱ्यापुढे गाई, साथीदार चौकटीबाहेर बसत आणि सगळ्यांचा आवाज फिल्मच्या कडेच्या एकाच अरुंद पट्टीवर उमटे. मागाहून तबला कमी आणि गळा जास्त करण्याची सोय नाही! तबल्याची थाप क्षणभराची, पण जोरकस. मायक्रोफोन तिच्याजवळ गेला तर आवाज फाटतो. सगळ्यांपासूनच लांब ठेवला तर गायकाचे शब्द खोलीच्या घुमाऱ्यात बुडतात. मग उपाय एकच, माणसांच्या जागा बदलायच्या. गायक पुढे, तबलजी मागे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्म्यावर येतो. जवळचे ठळक आणि दूरचे फिके रंगवण्याची सवय असलेल्या हाताला हा हिशेब लवकर उमगला असावा, असा माझा आपला तर्क.

आता ड्रमसेट मुद्रित करताना बेस ड्रमपाशी एक, स्नेअरवर एक, टॉमटॉमला वेगळे आणि झांजांसाठी वरून दोन मायक्रोफोन लावतात. यवतमाळच्या आमच्या स्नेहसंमेलनातल्या वाद्यवृंदालाही एका मायक्रोफोनवर भागत नाही. मात्र एकच ठोका दोन मायक्रोफोनांत मागेपुढे पोचला की तो स्वतःलाच खातो, नि बेस पोकळ वाजतो. म्हणजे अंतराचा हिशेब सुटला नाही तो नाहीच. उलट मिक्सर हाताशी असल्याने कान आळसावतात, असे मला वाटते.

१९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये दामले-फत्तेलाल दिग्दर्शक होते, संगीत केशवराव भोळ्यांचे. त्यातले अभंग ऐकताना साथ शब्दांवर चढत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या भजनी मंडळात मृदंग आणि टाळ जसे बुवांच्या गळ्याला सांभाळून वाजतात, तसेच हे. पडद्यावर ते साधणे मात्र मुळीच सोपे नव्हे. पुढल्या वर्षी हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला.

‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘संत सखू’ (१९४१) त्यानंतरचे. १९४२ साली शांताराम कंपनीतून बाहेर पडले. ५ जुलै १९४५ रोजी दामले गेले, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. ‘प्रभात’च्या पुण्यातल्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे ध्वनिमुद्रण रीतसर शिकवले जाते.